बिनढालीचा डेक

लाँड्रीत त्याला सगळे कासव म्हणत, आणि तो ते मानाचं बिरुद समजे. हॉस्पिटलं आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. तिच्या मागच्या खोलीतला बॉयलर बावीस वर्षं त्याच्या ताब्यात होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा गडी तोंड न पोळताच फुंकत आलेला. पाण्याची काच तीनदा बघणार, दाबाच्या काट्यावर टिचकी मारणार, मगच पुढचं काम.

त्यातलं सगळ्यात सावकाश काम म्हणजे सकाळी वाफ सोडणं. रात्रभर गार पडलेल्या लांबलचक पाईपात आदल्या दिवशीच्या वाफेचं पाणी साचलेलं असतं. त्यावर एकदम वाफ सोडली, तर ती ते पाणी दगडासारखं पुढे भिरकावते आणि पाईप आतून ठोकायला लागतो. फार ठोकला तर सांधा फुटतो. म्हणून आधी पाईपाच्या लांबीभर बसवलेले निचऱ्याचे तिन्ही कॉक, म्हणजे नळ, उघडायचे, पाणी जाऊ द्यायचं, आणि मग मुख्य व्हॉल्व्ह जरा जरा करत फिरवायचा. या सगळ्याला पंचवीस मिनिटं जात. पाईपाच्या दुसऱ्या टोकाला चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर होता आणि त्या रोलरवर त्याची बायको कामाला होती. हे कारण तो कुणाला सांगत नसे, पण एवढा सबुरीचा वसा माणूस उगाच घेत नाही.

पत्त्यांचा नाद त्याला लागला तो बॉयलरची नोंदवही आणायला गेला तेव्हा. स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत चार टेबलं मांडलेली, आणि चांगली कामधंद्याची माणसं राक्षसांची चित्रं असलेले पत्ते एकमेकांसमोर आपटत होती. खेळ तसा सरळ. ज्याचा त्याचा साठ पत्त्यांचा डेक. दर खेळीला एक झरा मांडायचा. झरा माना देतो, म्हणजे जादूची ताकद. जितकी माना, तितका मोठा पत्ता खेळता येतो. कासवानं डेक बांधला तो स्वभावाला धरून. वीस पत्ते नुसत्या ढालींचे! सहा महिने तो दर रविवारी हरला. हरलासुद्धा सावकाश, समोरच्याला जांभया यायच्या.

"काका, तुम्ही मार चुकवता, पण मारत कधीच नाही," एकदा दुकानदार म्हणाला. "रॅम्प बांधा. झऱ्यातून झरे काढणारे छोटे पत्ते असतात ना, ते पहिल्या दोन खेळ्यांत टाकायचे. समोरचा तिसऱ्या पायरीवर असतो, तोवर तुम्ही गच्चीवर!"

झालं. दुपारी चारला कामावरून आलं की जेवणाचं टेबल पत्त्यांनी भरून जायचं. आठ माना लागणारा, डोंगरखाऊ नावाचा एक अजस्र राक्षस त्याला मिळाला होता. तो जितक्या लवकर मैदानात उतरेल तितकं बरं, आणि त्यासाठी डेक पिसायचा, हात उचलायचा, एकट्यानंच खेळायचं आणि कितव्या खेळीला राक्षस आला ते जुन्या नोंदवहीत लिहायचं. शंभर-शंभर वेळा. आधी तो सातव्या खेळीला यायचा. चार ढाली काढून चार झरेकाढू घातले, सहाव्याला आला. आणखी सहा काढल्या, पाचव्याला. मध्येच उलटंही व्हायचं: हातात झरेच झरे आणि राक्षसाचा पत्ताच नाही, म्हणजे ताट वाढलंय आणि भात शिजलाच नाही! मग तो राक्षस वाढवायचा आणि पुन्हा ढालींनाच कात्री लावायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची गत झाली. पण चेहरा असा उजळला होता, की बायको भाजी चिरता चिरता नुसती बघत बसायची.

तो जिंकायला लागला. बावन्नाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा जिंकायला लागला, की त्याच्या डोक्यात वारं शिरतं. या वाऱ्याची मला भीती वाटते. तरण्याताठ्या माणसाच्या डोक्यात शिरलेलं वारं चार टक्केटोणपे खाऊन उतरतं. उतारवयातल्या माणसाला वाटतं, आपण इतकी वर्षं उगाच घाबरलो.

एका सकाळी व्हॉल्व्हशी उभं असताना त्याच्या मनात आलं, की हे निचऱ्याचे तीन कॉकसुद्धा ढालीच आहेत. हातात येतात, खेळी खातात, देत काही नाहीत. त्या दिवशी त्यानं ते उघडलेच नाहीत. व्हॉल्व्ह पाच मिनिटांत मोकळा केला. पाईपात धाडधाड तीन-चार ठोके पडले आणि थांबले.

"आज पाईप ठोकत होता," घरी बायको म्हणाली. "निचरा केला होतात ना?"

"केलाय की. तू तुझा रोलर सांभाळ."

बावीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि ते बोलायला त्याला काही जड गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही पाईप ठोकला. तिसऱ्या दिवशी मात्र एखाददुसरा बारीक ठोका, आणि मग तोही नाही. कॉक बंदच, व्हॉल्व्ह पाच मिनिटांत मोकळा, आणि पाईप मुका. आठवडा गेला, महिना गेला. कासवानं हिशेब मांडला: रोजची वीस मिनिटं, बावीस वर्षं फुकट घातली आपण! त्याला स्वतःचाच राग आला. गप्प बसलेल्या वस्तूवर इतका भरवसा टाकू नये, हे बॉयलरवाल्याला कुणी शिकवायला नको होतं.

रविवारी नऊला दुकानात अंतिम सामना होता. शनिवारी तो दुकानदाराला डेक दाखवायला गेला. आता त्यात दोनच ढाली उरल्या होत्या, आणि त्यानं त्याही काढून काउंटरवर ठेवल्या.

"चौथी खेळी," तो म्हणाला. "दहापैकी सात वेळा चौथ्या खेळीला डोंगरखाऊ."

दुकानदारानं डेक चाळला. "काका, दोन तरी ठेवा. दहापैकी तीन वेळा काय कराल?"

"उद्या ती वेळ येणार नाही," कासव म्हणाला.  दुकानदारानं त्या दोन ढाली गल्ल्याजवळ सरकवून ठेवल्या.

रविवारी तो पहाटेच कामावर गेला. बदलीचा माणूस आठला येणार होता. त्याच्या हाती सगळं चालू स्थितीत दिलं, की हा मोकळा. एरवी पावणेआठला सोडायची वाफ त्यानं सव्वासातलाच सोडायला घेतली. शर्टाच्या खिशात डेक होता, त्यावर एकदा हात फिरवला आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवला, पाच मिनिटांचीही वाट न बघता.

पहिल्या ठोक्याला भिंतीवरचा काटा हलला. दुसऱ्याला पायाखालची फरशी. महिनाभर मुका राहिलेला पाईप असा बोलला, की त्याला व्हॉल्व्ह उलटा फिरवायचं सुचायच्या आत लांब टोकाला तडकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वाफेचा फूत्कार. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला आणि धावत सुटला. सव्वासातला तिथे कुणी नसतं, कुणी नसतं, असं तो मोठ्यानं म्हणत होता.

वाफ छताला लागली होती. रोलरच्या बाजूला, निचऱ्याच्या शेवटच्या कॉकपाशी, बायको भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत होता. कॉकची चावी फरशीवर पडली होती. कॉक अर्धाच उघडलेला होता.

"तू इथे काय करत होतीस?" तो ओरडला.

"पाणी सोडत होते." तिचे दात वाजत होते. "रोजच सोडते, तुमच्या वाफेच्या आधी येऊन. आज तुम्ही लवकर सोडलीत."

"महिनाभर?"

"महिनाभर."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"केलाय म्हणालात," ती म्हणाली. "इतके खूश होतात तुम्ही. म्हटलं, कशाला खोटं पाडू."

तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. बाहेर बायका यायला लागल्या होत्या, कुणीतरी अँब्युलन्सला फोन करत होतं. ती बादलीत वाकून आपली बोटं हलवून बघत होती. त्यानंही वाकून पाहिलं. बोटं हलत नव्हती.