आवाज शून्यावर होता

शिवणकाम करणाऱ्या माझ्या आत्याचं दुकानातल्या कॉम्प्युटरशी वाजलं होतं. रोज सकाळी गाण्यांचा प्लेअर उघडायला गेली की तो म्हणायचा, ‘आधीच चालू आहे’.

“मी रोज माझ्या हातानं बंद करते, आणि हा मेला मलाच खोटं पाडतो!” ती कडाडली.

“कसा बंद करतेस, ते दाखव बघू.”

गाणाऱ्याला मध्येच तोडू नये, ही आत्याची शिस्त. म्हणून तिनं आधी आवाज हळूहळू शून्यावर आणला, मग फुलीवर क्लिक केलं आणि शेवटी स्क्रीनचं बटण दाबलं.

मी कपाळाला हात लावला. “अगं आत्या, फुलीनं खिडकी नुसती लपते. आणि स्क्रीन बंद केला म्हणून कॉम्प्युटर बंद होतो होय?” स्क्रीन लावून मी कोपऱ्यातलं बारकं चिन्ह दाखवलं. तिचं आवडतं गाणं पुन्हापुन्हा लावलेलं होतं, ते चालूच होतं.

आत्याचा राग कुठल्या कुठे गेला. “म्हणजे मी कुलूप लावून घरी जायचे, आणि ही बाई इथं अंधारात गातच असायची? कुणी ऐकत नसताना?”

“हो की.”

मी ‘बाहेर पडा’कडे बाण नेला. तिनं माझा हात धरला आणि आवाज वाढवला. एरवी कधी रिकामे न दिसणारे हात मांडीवर ठेवून तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

मग स्क्रीनला म्हणाली, “दमली असशील गं. जा आता.”

आणि तिनं स्वतःच क्लिक केलं.