पडवीत टांगलेली नेलपॉलिश

मी परदेशी निघाले त्या दिवशी आईने मला दिघीच्या जेट्टीवर निरोप दिला तो लाल नखांनी. पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, माझ्या बॅगेत सुकवलेले सोडे आणि कडवे वाल कोंबले, आणि एवढ्या धांदलीतही नखं रंगवायला वेळ काढला. "पोरगी एवढी लांब चाललीय, माझे हात बरे नको दिसायला?" म्हणाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, विमानतळापर्यंत सोबत येणार होते. आमची गाडी फेरीबोटीवर चढली, बोट आगरदांड्याकडे वळली. आई रडली नाही. मीच रडले, आणि अण्णांनी खिशातला रुमाल पुढे केला.

नेलपॉलिश म्हणजे आईचा जीव की प्राण. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. म्हसळ्याच्या बाजारातून येताना त्यांच्या भाजीच्या पिशवीच्या तळाशी एक बाटली असायचीच. भातलावणीच्या चिखलात तो रंग दोन दिवसही टिकत नसे. आमच्या बौद्धवाडीतल्या बायका तिला चिडवायच्या, "मास्तरीणबाय, भाताला दाखवता का नखं?" ती हसायची आणि पुन्हा लावायची.

अण्णा गेले तेव्हा मी स्कॉटलंडमध्ये होते. लगेच विमान मिळालं नाही, म्हणून चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरला. कपाळ पुसणं, बांगड्या काढणं हे आपण केव्हाच सोडलं, असं अण्णा वाडीच्या विहारात जन्मभर सांगत आले. त्यांच्याच देहाशेजारी मोठ्या काकूने, त्यांच्या वहिनीने, आईचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. मग काकूचं लक्ष आईच्या नखांकडे गेलं. कुणीतरी ब्लेड आणून दिलं आणि ती एकेक नख खरवडत बसली. माझा माइक बंद होता. तो चालू करून "काकू, थांब" एवढं म्हणता आलं असतं. मी नुसती बघत राहिले.

इथे मी औषधांच्या दुकानात काम करते. नोव्हेंबर उजाडला की गोळ्या-मलमांच्या शेजारी ख्रिसमसचा माल लागतो. त्यात एक सेट येतो: झाडाला टांगायचे सहा पारदर्शक गोळे, प्रत्येकाला सोनेरी दोरी, आणि आत नेलपॉलिशची इवलीशी बाटली. लाल, हिरवी, चंदेरी, जांभळी. पहिल्यांदा शेल्फवर लावताना मला आईच आठवली. एक सेट घेऊन पार्सल केलं. चिठ्ठीत काही लिहिलं नाही, म्हटलं तिला कळेल. माफी मागायची माझी ही तऱ्हा, समुद्रापलीकडून आणि पोस्टाने.

महिन्याभराने त्याच चुलतभावाने फोटो पाठवला. आईने ते सहाही गोळे पडवीत दोरीला ओळीने टांगले होते. आल्यागेल्याने कौतुक केलं म्हणे, पोरीने काय छान शोभेची वस्तू पाठवली. मला हसू आवरेना. फोनवर सांगितलं, "आई, ते उघडतं. आत नेलपॉलिश आहे."

"ठावं हाय गो मला," ती म्हणाली. "मी काय येडी हाय? लटकवलं तर कोण काय बोलत न्हाय."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. घराला चालणारा रंग तिच्या बोटांना चालत नव्हता, आणि तिने त्यातूनही वाट काढली होती. रोज सकाळी उठून ती ते रंग नुसते बघत होती.

पुढच्या रजेत घरी गेले. पहिले दोन दिवस मी सगळ्यांना तोऱ्यात सांगत होते, तिकडे विधवा-सधवा असलं कुणी बघत नाही, बायका ऐंशीव्या वर्षी नखं रंगवतात. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत मोठी काकू आणि शेजारच्या दोघी वाल सोलत बसल्या होत्या. आई उठली. तिने लाल बाटलीचा गोळा काढला, उघडला, माझ्यापुढे बसली आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"लाव," म्हणाली.

वाल सोलायचा आवाज थांबला. मी काकूकडे पाहिलं. मग म्हणाले, "नंतर लावू गं आई, तुझे हात ओले आहेत."

तिचे हात कोरडे होते. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्या तिघींनाही दिसत होतं. आई "बरं" म्हणाली, बाटली परत गोळ्यात घातली आणि गोळा होता तिथे टांगला. पुन्हा तिने विषय काढला नाही. मी काढायला हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी काकूने मला विहिरीवर गाठलं. "तवा माझ्याकडं का बघत व्हतीस? मी काय बोलले का?"

मी म्हटलं, "अण्णा गेले तेव्हा ब्लेड तूच घेतलं होतंस ना?"

"घेतलं व्हतं. मला वाटलं तू तरी आडवशील. मास्तरांची पोर तू."

मला तिचा भयंकर राग आला. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्तच आला.

वाडीत राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणाल, ही आठ दिवसांसाठी येते, हिला काय कळतं. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले म्हणतील, नाही लावलंस ते बरं केलंस, आईला तिथेच दिवस काढायचेत. मीही स्वतःला हेच सांगत असे. पण परवा दुकानात एक म्हातारी आली. नवरा महिन्यापूर्वी गेला, तिने आपणहून सांगितलं. हात थरथरतात, जरा रंग लावून दाखवशील का, म्हणाली. मी तिची दहाही नखं रंगवली. इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझे आभार मानले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घर कुठे, असं इथे विचारतात तेव्हा मी नकाशात रायगडचा किनारा दाखवते. मनात वेगळंच असतं. इथे मला कुणाची भीती वाटत नाही, कारण मी कुणाची कुणी नाही. जिथे तीन बायकांदेखत आईचा हात हातात घ्यायला मी भ्याले, तेच माझं घर.

रविवारी आईशी व्हिडिओ कॉल होतो. ती फोन अगदी तोंडाजवळ धरते, त्यामुळे तिचा चेहरा तेवढा दिसतो. हात दाखव, असं दर वेळी ओठांवर येतं. नखं रंगलेली असली तर ती माझ्यावाचून रंगली, आणि कोरी असली तर माझ्यामुळे. मी विचारते, "जेवलीस का?"

"व्हय," ती म्हणते, "तू?"