सातविणीची साल आणि माईचं नाव

आधीच सांगतो, असल्या गोष्टींना भाव देणारा माणूस मी नव्हे. डिचोलीच्या बाजारात औषधी मुळ्या-सालींचं दुकान मी शून्यातून उभं केलंय. समोरचा माणूस काय विकायला आलाय, हे तो बसायच्या आधी ओळखतो. कुणी भुताखेतांचं सुरू केलं की त्याला वाटेला लावतो. तरी हे लिहितोय, कारण डोकं अजून फिरलेलंच आहे... आणि भांडायला समोर कुणी उरलेलं नाही.

माझी थोरली बहीण माई पेडण्यात, डोंगराच्या पायथ्याशी राहायची. लोकांना सातविणीच्या सालीचा कडूजहर रस द्यायची. साल दगडानं ठेचून काढायची, लोखंड लावायचं नाही. आणि रस काढताना आजाऱ्याचं नाव घ्यायचं. नाव नाही तर औषध नाही. देणाऱ्यानं स्वतःचं नाव मात्र कधी घ्यायचं नाही, हा आमच्या घराचा जुना नियम.

मग माईच्याच छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली.

त्याच सुमारास एका लॅबनं माझ्याकडे सातविणीची साल मागितली. कॅन्सरच्या पेशींवर तिचा अर्क घालून बघायचा होता. मी अट घातली — साल देतो, पण माझ्या बहिणीला आत येऊन बघू द्यायचं. अर्क चालताना बघितला तर ती नियम मोडेल, किमोबरोबर स्वतःच्या नावानंही रस घेईल, असा माझा डाव.

लॅबमधली मॅडम साधी पोरगी. म्हणाली, "काका, बाटलीत पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा होतो असं नसतं हं. आणि इथं तर त्या मरतही नाहीयेत."

माई मायक्रोस्कोपला डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"गो बाये, हे कोणाचे?"

"एका बाईच्या गाठीतल्या, मावशी. ती जाऊन खूप वर्षं झाली. पेशी मात्र वाढत राहतात."

"आणि तिचा नाव?"

"नाव नसतं. नंबर असतो."

"तुका कोणी नंबरान हाक मारली तर ओ देशीत?"

मॅडम हसली. मी मात्र पेटलो. "माई, तुझाच नाव घे! हंय कोण बघता?"

तिनं बाटलीच्या काचेवर बोट टेकलं आणि पुटपुटली, "जिचे हे, तिच्या नावान."

झालं! एवढी खटपट करून मी तिला तिथं नेली, आणि हिनं ते औषध एका परक्या, मेलेल्या बाईच्या नावानं देऊन टाकलं! परतताना गाडीत मी ओरडत होतो. "जीव नको झालो काय गो तुका?"

"माका तू आसस," ती म्हणाली. "तिका कोण आसा? मेली तरी कोणी सोडूक नाय तिका."

काही दिवसांनी मॅडमचा फोन. पेशी मेल्या होत्या. अर्क घातलेल्या बाटलीतल्या तर मेल्याच, पण त्याच बाईच्या दुसऱ्या बाटलीतल्याही... जिच्यात काहीच घातलं नव्हतं. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या पेशी ठणठणीत.

"कंटॅमिनेशन असेल, काका. हा रिझल्ट धरता येत नाही."

"म्हणजे तुमच्या मनासारखं झालं तर शास्त्र, नाहीतर घाण?" मी फोन आपटला.

माई श्रावणात गेली. शेवटी हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "बाबल्या, माझी पाळी येयत तेव्हा नाव तू घे." मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बरळतेय.

मग एक दिवस मॅडम दुकानात आली. ऑपरेशनच्या वेळी माईनं सही करून गाठीचा तुकडा लॅबला दिला होता म्हणे. मला पत्ताच नाही! "मावशींच्या पेशी छान वाढतायत, काका. सातविणीला अजिबात दाद देत नाहीत." पोरगी आनंदानं सांगत होती. मी तिला दुकानाबाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी मीच लॅबमध्ये जाऊन उभा राहिलो. काचेखाली बघितलं. एकमेकींना बिलगून बसलेल्या... जिवंत. जिला मी पेडण्यात माझ्या हातानं अग्नी दिला, तिचं एवढंसं इथं वाढत होतं.

मला राग आहे तो माईचा. स्वतःसाठी एक शब्द बोलली नाही आणि हे माझ्या गळ्यात मारून गेली. माझा विश्वास नाही ना? मग तिचं नाव घेतल्यानं त्या पेशींना काहीच होणार नाही. बोलायचं आणि मोकळं व्हायचं! पण दर वेळी जातो, साल देतो, मायक्रोस्कोपला डोळा लावतो... आणि दात घट्ट आवळून परत येतो. बाजारात माझं तोंड कुणी बंद करू शकलेलं नाही. तिथं ते उघडतच नाही.

माई तिला घरात म्हणायचे. तिचं खरं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.