रेस्ट एरियात राहिलेल्या काकू

तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमधल्या कितीतरी इंजिनियरांसारखा मीही घरी बसलो. बायको सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला जायची आणि मी शुगर लँड या उपनगरातल्या आमच्या घरात, खिडक्यांचे ब्लाइंड्स खाली ओढून, नोकरीचे अर्ज टाइप करत बसायचो. कालपर्यंत हाताखाली अकरा माणसं होती, आता दुपारी टपाल कधी येतं याची वाट बघायची. राग सदा नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि काढायला कुणी सापडत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांचे आईवडील भारतातून आले होते. मुलं-सुना सात वाजता ऑफिसला, नातवंडांची उत्तरं इंग्रजीत, गाडी चालवता येत नाही, आणि बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरेल असा दमट उकाडा. बिचारे दिवसभर एसीत गारठून टीव्हीकडे बघत बसायचे. मंडळाच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, "तू तर घरीच आहेस यार. यांना सगळ्यांना एक मोठी टूर करून आण की." ते 'घरीच आहेस' मला भयंकर झोंबलं. पण नाही म्हणायला काही कारण सुचेना, म्हणून हो म्हटलं.

मग काय, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मी ग्राफपेपरवर तीन आठवड्यांचं वेळापत्रक आखलं. तीस सीटची बस, एक वयस्कर टेक्सन ड्रायव्हर आणि अकरा जोडपी. न्यू मेक्सिको आणि अॅरिझोनाच्या वाळवंटातून पॅसिफिकपर्यंत जायचं, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सॅन फ्रान्सिस्कोला, आणि परतीच्या वाटेवर मोहावी वाळवंट, ग्रँड कॅनियन, घर. प्रत्येक थांब्याला मिनिटं नेमून दिलेली. टॉयलेटला बारा मिनिटं. साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बायकांना बारा मिनिटं! नोकरी गेली तरी साहेबपणा गेला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

पहिले दोन दिवस मी बसमध्ये फिरून एकेक डोकं मोजायचो. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त मामलेदार काका उखडले. "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत? मोजतोस कसला?" वाद नको म्हणून मी नवी पद्धत काढली. प्रत्येक जोडप्याला एक नंबर दिला. मी पुढे उभा राहून नंबर पुकारायचा आणि काकांनी दोघांच्या वतीनं हात वर करायचा. सगळ्या काका मंडळींना ते फार पसंत पडलं. घरीही तसंच चालत असणार.

सात नंबरच्या काकू मात्र उतरताना मला हळूच म्हणाल्या, "हात लावून मोजत जा रे बाबा. आम्ही सहलीला तसंच करायचो." साताऱ्याकडच्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले होते. मी हसून सोडून दिलं. ऑफशोअर रिगवरच्या माणसांचा हिशेब ठेवलेला मी, मला पहिलीच्या बाई शिकवणार!

या काकूंना टूरमध्ये एकच गोष्ट बघायची होती, ग्रँड कॅनियन. त्यांच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका जुन्या कॅलेंडरवर त्याचं चित्र होतं, आणि वर्ष संपलं तरी त्यांनी ते कुणाला काढू दिलं नव्हतं. "चित्रात ते तांबडं दिसतं. खरंच तसं असतं का रे?" असं त्यांनी मला तीनदा तरी विचारलं असेल.

पण प्रत्येक थांब्यावर बसमध्ये चढणारं शेवटचं माणूस म्हणजे काकू. सगळे बसलेले, इंजिन सुरू, मी घड्याळाकडे बघतोय, आणि लांबून काकू पदर सावरत लगालगा येताहेत. माँटेरेला त्यांच्यापायी समुद्रातली बोट चुकली, निदान मी तरी तसं धरून चाललो. सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात म्हणालो, "काकू, पुढच्या वेळी बस थांबणार नाही हं, सांगून ठेवतो!" बस हसली. त्यांचे यजमान सगळ्यांत मोठ्यानं हसले. काकूही हसल्या, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या होत्या.

मोहावीत बारस्टो गाव मागे पडल्यावर हायवेकाठच्या एका रेस्ट एरियात थांबलो. टॉयलेटची बुटकी इमारत, पाण्याचा नळ, छपराखाली चार टेबलं. बाकी जिकडेतिकडे खडे आणि करपलेली झुडपं. वारासुद्धा भाजत होता. बारा मिनिटांनी मी नंबर पुकारायला लागलो. "सात?" काकांनी डोळे मिटल्या मिटल्या हात वर केला.

"ऑल सेट?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ऑल सेट," मी म्हणालो.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बस हायवेला लागल्यावर मी एकदा मागे वळून पाहिलं. सात नंबरची खिडकीकडची सीट रिकामी होती. सीटवर शाल पडलेली होती. कधीकधी पाठ दुखली की काकू शेवटच्या बाकावर जाऊन आडव्या व्हायच्या. तशाच असतील, असं मी स्वतःला सांगितलं. उठून दहा पावलं चाललो असतो तर कळलं असतं. नाही उठलो. आणि त्याच क्षणी मनात आलं ते असं की, राहिल्याच असतील तर बरी अद्दल घडेल. अगदी याच शब्दांत मनात आलं. मग मी नकाशा उघडला आणि त्यात डोकं घातलं.

अर्ध्या तासानं काका जागे झाले. डोळे न उघडताच त्यांनी हात बाजूला केला आणि म्हणाले, "अगं, पाणी दे." थोडं थांबून परत म्हणाले, "अगं, पाणी." तो हात तसाच रिकामा पुढे राहिलेला मला ड्रायव्हरच्या आरशात दिसला, आणि मी ड्रायव्हरला बस वळवायला सांगितलं.

वळायला पुढचा एक्झिट दहा मैलांवर. तिथून परत फिरलो. बसमध्ये बायका स्तोत्रं पुटपुटत होत्या. काका सारखे म्हणत होते, "तिला इंग्लिश येत नाही हो, तिच्याजवळ पासपोर्ट नाही, काही नाही." रेस्ट एरिया दिसला तो रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. मधल्या पट्ट्यावरून बस नेता येत नव्हती. काकू सावलीत नव्हत्या. जिथे आमची बस उभी होती तिथेच, मोकळ्या डांबरावर, डोक्यावर पदर घेऊन त्या भर उन्हात उभ्या होत्या. सगळ्यांनी खिडक्यांतून हात हलवले. त्यांनीही हात वर केला. आणि आम्ही त्यांच्यासमोरून तसेच पुढे गेलो, कारण वळायचा एक्झिट त्या बाजूलाही लांब होता. बस येते आहे, दिसते आहे, आणि निघून जाते आहे. त्या वेळी त्यांना काय वाटलं असेल, हे मी मनात येऊ देत नाही. आलं की झोप जाते.

शेवटी पोचलो तेव्हा निघाल्याला पावणेदोन तास झाले होते. ओठ कोरडे पडलेले, चेहरा भाजल्यासारखा. "सावलीत का नाही थांबलात काकू?" मी विचारलं.

"तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस ना, चुकलात तर आहात तिथेच थांबा. एक बाई गाडीत बसा म्हणत होती. पण मी नाही हलले."

तेवढ्यात काका ओरडले, "अक्कल आहे का तुला? बावीस माणसांचा खोळंबा! दर वेळी तूच कशी मागे राहतेस?" मग इतरही सुरू झाले. जरा लवकर आटपत जा, बोलत जा, हाक मारायची ना. काकू मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि मी, रिकामी सीट पाहिलेला मी, मोठेपणानं म्हणालो, "जाऊ दे हो काका. होतं असं कधीकधी." म्हणजे मी त्यांना माफ केलं! ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. "यू सेड ऑल सेट," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्यानंतर काकूंनी बसमधून उतरणं सोडलं. पाणीही घोटघोट प्यायच्या, उतरायला लागू नये म्हणून. पुढच्या थांब्यावर सगळ्या बायका टॉयलेटच्या दाराशी घोटाळत उभ्या. काय झालं म्हणून विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "अरे, पर्सेस कुणाकडे देऊ? त्या सात नंबरच्या धरायच्या ना सगळ्यांच्या. आमचं झालं की मग त्या जायच्या." दोन आठवडे रोज माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं. मी फक्त घड्याळ बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅनियनला पोचलो. सगळे उतरून कड्याकडे धावले. काकू सीटवरच.

"चला काकू. यासाठीच तर आलात ना? मी तुमच्याबरोबर चालतो."

"नको रे. तुम्ही या बघून. उगाच माझ्यामुळे उशीर होतो सगळ्यांना." मग माझं तोंड पडलेलं बघून म्हणाल्या, "इथून दिसतंय की थोडं."

इथून काहीसुद्धा दिसत नव्हतं. समोर दुसऱ्या बसची पाठ होती आणि दोन जुनिपरची झाडं.

मी बसच्या पायरीवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. काकू, तुमचं काही चुकलं नाही, मला तुमची सीट रिकामी दिसली होती. एवढं बोललो असतो तर त्या उठल्या असत्या, चार पावलं चालल्या असत्या आणि ते तांबडं खरंच तांबडं आहे का ते बघितलं असतं. पण हे काकांना कळेल, काका मुलीला सांगतील, मंडळात बोभाटा होईल, आधीच बेकार आणि आता हे. असा सगळा हिशेब त्या पायरीवर उभ्या उभ्या केला मी. "बरं, बसा मग," म्हणालो आणि उतरलो. कड्याच्या कठड्याला टेकून सगळ्यांचे फोटो काढले. ते खरंच तांबडं होतं. दुपारच्या उन्हात तर जास्तच.

ह्यूस्टनला परतल्यावर काकू आठवडाभर तापानं पडल्या. पाणी न प्यायल्यानं इन्फेक्शन झालं होतं, असं त्यांच्या मुलीकडून कळलं. मी भेटायला गेलो, सगळं सांगायचं ठरवून गेलो. त्यांनी पडल्या पडल्या मुलीला चहा टाकायला लावला. मी चहा प्यालो आणि परत आलो.

ऑगस्टच्या शेवटी सगळे आईवडील भारतात परत जाणार म्हणून मंडळानं प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं पॉटलक ठेवलं. रीतीप्रमाणे कुणीतरी एकेकाला विचारत सुटलं, अमेरिकेत सगळ्यांत काय आवडलं? मामलेदार काकांना गोल्डन गेट ब्रिज आवडला होता. सात नंबरच्या काकांनी ग्रँड कॅनियनवर पाच मिनिटं भाषण केलं. मग काकूंची पाळी आली. त्या संकोचून आधी नको म्हणाल्या. मुलीनं आग्रह केला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा मला न्यायला परत आला ना, ते."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो.