वहिनीच्या लाटा

सकाळी शेजारच्यांकडे फोन आला. त्यांच्या सुनेनं कुंपणावरून हाक मारली तेव्हाच मला समजलं. धंतोलीच्या दवाखान्यातून फोन होता… वहिनी गेली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. फुफ्फुसात पाणी साठलं होतं, ते काढलं की दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा साठायचं. नव्यानं आलेल्या तरुण डॉक्टरांनी तिच्या बोटांची तपकिरी झालेली नखं पाहून विचारलं, "आजी, काय काम करत होता?" वहिनी म्हणाली, "फोटो काढत होती." "कशाचे?" "लग्नाचे, पासपोर्टचे. लोकाईले लागते ते." तेवढं सांगून तिनं डोळे मिटले. लाटांचं तिनं सांगितलं नाही. बाहेरच्या कोणालाच ती ते सांगत नसे. आज महिना उलटून गेल्यावर मी ते लिहायला बसले आहे.

शांतावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, वसंतदादाची बायको. दादाचा नागपुरात महाल भागात लहानसा फोटो स्टुडिओ होता. पुढं पडदा आणि दोन दिवे असलेली एक खोली, मागं फोटो धुण्याची अंधारी खोली. वडील लवकर गेले होते. दादानं सरकारी नोकरी धरावी म्हणून आईनं आपल्या भावाकरवी शब्द टाकला होता. दादानं ती नोकरी नाकारली आणि स्टुडिओ काढला. तेव्हापासून आई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. घरात मूल नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की वहिनी मागच्या खोलीत त्याच्याबरोबर फोटो धुवायची. दादानं मासिकात कुठंतरी समुद्राच्या लाटांचे काळेपांढरे फोटो पाहिले होते आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हते. "दगड काळा, पाणी पांढरं. त्याले रंगाची गरजच नाही," असं तो म्हणायचा. मी कॉलेजात होते त्या वर्षी, भाद्रपदात, पाऊस ओसरल्यावर दोघं कोकणात निघाले. निघायच्या वेळी त्याच्यात आणि आईत नोकरीवरून पुन्हा बोलाचाली झाली. दादा पाया पडला, तेव्हा आई गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

वहिनी एकटी परत आली. तिकडच्या गावातले एक शाळामास्तर तिला नागपूरपर्यंत पोचवायला आले होते. ती दारातच उभी राहिली आणि उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. काळा कातळ होता. आभाळात ढग नव्हता, लख्ख ऊन होतं. दादा कोरड्या जागी कॅमेरा घेऊन उभा होता. सगळ्यांपेक्षा मोठी अशी एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. कोळ्यांनी होड्या घातल्या, जाळी टाकली… काही सापडलं नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाऊस होता?"

"नव्हता, आई."

"पूर होता?"

"समुद्राले पूर नसते."

"मंग पाणी वर कसं आलं?"

आईनं किंवा मी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. आम्हाला पाणी माहीत होतं ते अंबाझरी तलावाचं आणि कन्हान नदीचं. ते वाढायचं तर आधी पाऊस लागतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. कोरड्या कातळावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पाणी येऊन उचलतं, हे आईच्या मनात शिरेना. तिनं ठरवून टाकलं, तो रागावून कुठंतरी निघून गेला आहे आणि राग निवला की येईल. तिनं क्रियाकर्म होऊ दिलं नाही. वहिनीला बजावलं, "देह दिसला नाही तोवर कुंकू पुसाचं नाही." वहिनी कुंकू लावून गल्लीतून चालायची आणि दारादारांतून बायका बघायच्या. एकदा नळावर एक बाई तिच्या समोरच म्हणाली, "नवऱ्याले कुठं टाकून आली कोण जाणे." वहिनीनं आपली बादली भरली आणि ती घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही.

स्टुडिओ तिनंच पुन्हा उघडला. बाईकडून फोटो काढून घ्यायला लोक सुरुवातीला बिचकले, मग येऊ लागले. पुढच्या भाद्रपदात तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि सांगितलं, मी तिकडं जाते. आई म्हणाली, "काहून?"

"पाणी वर कसं येते, ते तुम्हाले दाखवाचं आहे."

दादाचा चांगला कॅमेरा त्याच्याबरोबरच गेला होता. दुकानातला जुना कॅमेरा, त्याचा तिपाई स्टँड आणि थोडे रोल घेऊन ती गेली. परत आल्यावर मागच्या खोलीत तिनं फोटो धुतले. लाटा होत्या, पण एकही लाट दादा उभा होता त्या जागेपर्यंत पोचलेली नव्हती. ते तिनं आईला दाखवलेच नाहीत. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा गेली, आणि मग दर वर्षीच जाऊ लागली.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मी हट्टानं तिच्याबरोबर गेले. समुद्र दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. वहिनी वरच्या टेकाडावर, पाणी पोचणार नाही अशा जागी स्टँड लावायची. कॅमेऱ्याचा डोळा खालच्या त्या एका कातळावर धरायची आणि बटणावर बोट ठेवून उभी राहायची. मला प्रत्येक लाट प्रचंडच वाटत होती. पाणी कातळावर आपटायचं, फुटायचं, पांढरं होऊन उंच चढायचं. मी म्हणायचे, "वहिनी, ही?" ती म्हणायची, "ही नाही." पुन्हा एक यायची. "ही पण नाही." शेवटी मी विचारलं, "मंग कशी पाहिजे वं?" ओठांवर खारं साचलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा कॅमेऱ्यात पाहू लागली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी धरमपेठेत आले, मुलं झाली. एका दुपारी वहिनीचा निरोप आला, घरी ये म्हणून. मी गेले तर आई खाटेवर बसली होती आणि तिच्यापुढं वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मोठा फोटो होता. वहिनीनं कागद सोडला. कातळ अर्धा दिसत होता, अर्ध्यावर पाण्याची भिंत उभी होती. तिचा वरचा काठ कोसळायच्या बेतात होता. पुढच्या कोपऱ्यातला दगड अजून कोरडा होता आणि त्यावर एका खुंटाची सावली स्पष्ट पडलेली होती. आईनं पुष्कळ वेळ पाहिलं.

"हे पांढरं सगळं पाणी?"

"हो."

"अन् ही सावली… म्हणजे ऊन होतं?"

"ऊन होतं, आई."

"वसंता कुठं होता?"

वहिनीनं बोट ठेवलं. ती जागा पाण्याच्या भिंतीखाली होती. आईनं वहिनीचं बोट बाजूला केलं आणि तिथं आपला तळहात ठेवला. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "जाताना मी त्याच्यासंगं बोलली नाही वं." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा रडली. रडून झाल्यावर वहिनीला म्हणाली, "पुस आता कुंकू." वहिनी उठली, मोरीत गेली आणि कपाळ धुऊन आली. पुढं गुरुजींना बोलावून, देह मिळाला नाही की करतात तसा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला.

आई त्यानंतर टिकली नाही. तो येईल, या एकाच आशेवर ती उठत होती, स्वयंपाक करत होती, दाराकडं बघत होती. आता उठायला कारण उरलं नाही. थंडीत तिनं अंथरूण धरलं आणि होळीच्या आत गेली. गल्लीत लगेच बोललं गेलं, फोटो दाखवून म्हातारीले मारलं म्हणून. ते वहिनीच्याही कानावर आलं.

मला वाटलं होतं, आता तिचं समुद्रावर जाणं थांबेल. भाद्रपद आला आणि मी स्टुडिओत गेले, तर ती मागच्या खोलीत लाल दिव्याखाली कॅमेरा पुसत होती. मी विचारलं, "आता कोणाले दाखवाचं आहे?" तिनं कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाली, "कुसुम, त्या दिवशी मी लाट पाहिलीच नाही."

मला कळेना.

"रोल संपला म्हणाले तुझे दादा. मी पिशवीत दुसरा शोधून राहिली होती. वाकली होती. मोठा आवाज आला, पाठीवर पाणी उडालं. वळून पाहते तर कातळ ओला… अन् कोणीच नाही. लाट आली असंन. पाय घसरला असंन. नाही तर… जाताना गाडीत सगळा रस्ता आईचंच बोलत होते. ती बोलली नाही, ती बोलली नाही. मले माहीत नाही, कुसुम. सगळे विचारत होते, लाट केवढी होती, कशी आली. मी सांगत गेली. सांगता सांगता मले ती दिसू लागली. आईले दाखवली ती दुसरीच लाट होती. ती त्याची नाही."

मी तिचा हात धरला. शेवटी इतकंच विचारलं, "मंग आता कशाले जाते?"

"दिसन एखाद्या वर्षी," ती म्हणाली.

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. आता ज्याला त्रास होईल असं कोणी उरलेलं नाही. वहिनी दर भाद्रपदात समुद्रावर जात राहिली. मधल्या काळात रंगीत फोटो आले, ते धुणारी मोठी दुकानं निघाली, लग्नांची कामं तरुण पोरांकडं गेली. तिच्याकडं पासपोर्टचे काळेपांढरे फोटो तेवढे उरले. "रंगीत काढून पाहा ना एकदा," असं मी म्हटलं, तर म्हणाली, "ते परक्याच्या हातात धुवाले द्यावं लागते." मग तिचा दम वाढला, जिने चढवेनात, दुकान सोडावं लागलं, आणि एका भाद्रपदात ती गेली नाही. त्या वर्षी ती पावसाळाभर खिडकीशी बसून होती. ती लाट तिला दिसली का, हे मी कधी विचारलं नाही. दिसली असती तर तिनं सांगितलं असतं, असं मला वाटतं.

तिच्या मागं खाटेखाली फोटोंच्या कागदांचे जुने डबे निघाले, सगळे लाटांनी भरलेले. एकाही फोटोत माणूस नाही. मी ते घरी आणून कपाटावर ठेवले आहेत. माझी मुलं म्हणतात, प्रदर्शन भरवू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

वहिनीची एक सवय होती. तिच्याकडून कोणीही निघालं, मग ते गिऱ्हाईक असो वा मी, की ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची आणि तो माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्याकडं पाहत राहायची. मध्ये कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. मुलं लहान असताना हसायची, मामी आपल्याला पहारा देते म्हणून. त्या जागेत आता झेरॉक्सचं दुकान आहे. महालात कामाला गेले की मी तिथून जाते, आणि कोपऱ्यावर आले की पाय आपोआप थांबतात. मी मागं पाहते. पायरीवर कोणी तरी छत्री झटकत असतं, कोणी कागद मोजत असतं. माझ्याकडं कोणी पाहत नसतं. मग मी वळते.