दोन बेल दिल्याशिवाय

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका मुंबईचा रस्ता तुडवलेला, आणि तरीही स्वतःच्या मनाने एक फूटही पुढे न सरकलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. घाटकोपरहून निघायचं, कुर्ल्याच्या गर्दीतून वाट काढत वाकोल्याला जायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि परत यायचं. इतक्या वर्षांत किती फिरलात, असं कुणी कौतुकाने विचारलं तर ते चिडायचे. "मी कुठे फिरलो? बस फिरली. मी आपला एका जागी बसलेला."

बसच्या दुनियेत एक बेल म्हणजे थांब आणि दोन बेल म्हणजे निघ. बेलची दोरी कंडक्टरच्या हातात. ड्रायव्हरने आपल्या मर्जीने गाडी हलवायची नाही. हा नियम काकांच्या अंगात इतका मुरला होता की डेपोच्या गेटबाहेर आल्यावरही तो उतरायचा नाही. काकू एकदा "अहो, जेवायला चला" म्हणाल्या, तर काका उठायचे नाहीत, हातातला पेपर तेवढा खाली ठेवून स्तब्ध बसायचे. दुसऱ्यांदा "चला" आलं की ताडकन उभे. एका लग्नात यजमान घाईत "या, जेवून घ्या" असं एकदाच म्हणून पुढे गेले. काका बसूनच राहिले. पंगती उठल्या, मांडववाले खुर्च्यांवर खुर्च्या रचत काकांच्या खुर्चीपर्यंत आले, तरी हे आपले हात मांडीवर ठेवून समोर बघतायत. काकू मालवणकडच्या, त्यामुळे बोलायला कुणाच्या बापाला भीत नाहीत. त्या सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या लग्नात भटजीन दोनदा 'सावधान' म्हटल्यान, म्हणान ह्यांनी माका हार घातल्यानी. नायतर अजून अंतरपाटाच्या पलीकडेच उभे असते!"

अशा माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती याचं कुणाला नवल वाटलं नाही. गाडी सोडा, सायकलही नव्हती. पण काकांच्या मनात एक गाडी होती आणि ती कुणालाच माहीत नव्हती, कारण ती दुसऱ्या कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. वाकोल्याच्या जुन्या गावठाणात एका ख्रिस्ती कुटुंबाचं कौलारू घर होतं, त्याला माणसाच्या डोक्याहून उंच कंपाउंड. पायी जाणाऱ्याला फक्त भिंत दिसायची. पण बसच्या ड्रायव्हरची सीट उंच. तिथून भिंतीपलीकडे चिंचेखाली उभी असलेली दोन सीटची, टप मागे दुमडणारी विलायती स्पोर्ट्स गाडी काकांना रोज चार वेळा दिसायची. आधी ती चकचकीत होती. मग तिच्यावर धूळ बसली, मग चाकं बसली, मग टप फाटला, शेवटी आत कोंबड्या राहायला आल्या. काकांनी ते सगळं भिंतीवरून, बस न थांबवता पाहिलं.

रिटायर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी ते त्या घराच्या दारात उभे राहिले. लुगडं नेसलेली एक म्हातारी आजी बाहेर आली आणि त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू तो बसवाला ना रे? मला वाटायचं, मेला रोज माझ्या कोंबड्या मोजतो." काकांनी गाडी मागितली. आजी एवढी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मग म्हणाली, "ने बाबा. माझ्या नवऱ्यानंतर हिच्याकडे बघणारा तूच एक."

गाडी आमच्या सोसायटीत टेम्पोवरून आली. टोचन लावून आणायला काकांनी साफ नकार दिला. दोरीला बांधून ओढलेली गाडी त्यांना हातकडी घातलेल्या माणसासारखी वाटते. टेम्पोतून उतरलेला तो गंजाचा ढीग पाहून काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. "अहो, ह्यां काय घेवन इलात?"

"गाडी आहे."

"गाडी? ह्येच्यात तर अंडा आसा!"

आणि खरंच होतं. सीटखाली, गवतात, एक. काकूंनी ते उचललं आणि जाहीर केलं की ही वस्तू स्वतःच्या पायांनी चालायला लागेपर्यंत आपण तिला हात लावणार नाही आणि तिच्यात बसणार तर मुळीच नाही.

इथे माझा संबंध येतो. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली. बाबा गोदीत माथाडी होते. मी हे येता-जाता सांगते आणि सांगायची मला लाज वाटत नाही. निकालाच्या दिवशी मार्कशीट घेऊन मी नेमकी काकांच्याच बसमध्ये चढले होते. त्यांना कळलं तेव्हा पुढच्या स्टॉपवर त्यांनी मागे वळून सगळ्या बसला सांगितलं, "ही आमच्या बिल्डिंगमधली पोरगी. आज ग्रॅज्युएट झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुकट नेणं नियमात बसत नव्हतं म्हणून माझं तिकीट त्यांनी स्वतःच्या खिशातून काढलं. ते तिकीट अजून माझ्या मार्कशीटला टाचलेलं आहे.

तेव्हापासून काकांची ठाम समजूत झाली की ग्रॅज्युएट माणसाला सगळं येतं. गाडीच्या खणात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, गाडी खोलायची कशी आणि जोडायची कशी ते सांगणारं, कडेने वाळवीने खाल्लेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "काका, माझा विषय अकाउंट्स होता." ते म्हणाले, "अक्षरं तीच आहेत ना? वाच मग." तर दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून मी वाचायची आणि खाली सतरंजीवर पाठ टेकून गाडीखाली घुसलेले काका ऐकायचे. मला शब्दांचा अर्थ लागायचा, पण वस्तू ओळखता यायच्या नाहीत. त्यांना वस्तू बोटांनी कळायच्या, पण नावं माहीत नव्हती. दोघं मिळून आम्ही कसाबसा एक मेकॅनिक व्हायचो. अडलं की काका डेपोतल्या जुन्या मित्राला बोलवायचे, तो येऊन प्रत्येक पार्टकडे बघून "एवढुसा?" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा.

दोन वर्षं हे चाललं. रंग कुठला द्यायचा हा प्रश्न काकांना पडलाच नाही. बसचा लाल. डॅशबोर्डवर पांढऱ्या अक्षरांत त्यांनी रंगवून घेतलं: बसलेले २, उभे ०. नवा टप शिवायला कारागीर मिळेना, तेव्हा गणपतीचे मांडव घालणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने बाहेरून काळी ताडपत्री बेतशीर बसवली, पण आतून उघडं कसं ठेवायचं म्हणून गुलाबी साटीनची झालर चुण्या घालून लावून दिली. टप वर केला की आत बसलेला माणूस गौरीसारखा दिसायचा. काकांना आवडलं. "लग्नाला जायला बरी," म्हणाले.

मग सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं पक्कं झालं. दहा वर्षं नुसती चर्चा चालली होती, म्हणून आम्ही गाफील होतो. आता एकदम तारीखच आली. सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या, तीन वर्षं भाड्याने राहायचं आणि मग टॉवरमध्ये परतायचं. आम्हाला मुलुंडला जागा मिळाली, काका-काकूंना मानखुर्दला. तिथल्या घरमालकाने काकांना सरळ सांगितलं, "चालती गाडी असेल तर खुशाल लावा. भंगार आणू नका." आणि इथे आमचे सेक्रेटरी, वयाने काकांहून लहान पण आवाजाने मोठे, म्हणाले, "काका, त्या दिवशी आवारात जे उरेल ते पाडकामवाला नेणार. माझ्या हातात काही नाही हां." म्हणजे गाडी त्या दिवशी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली तर काकांची, नाहीतर सळयांबरोबर तुकडे होऊन जाणार.

कागदपत्रांचं सगळं मी उरकलं होतं, पण गाडीच धड चालेना. सुरू व्हायची, पाच-सात मिनिटं झकास गुरगुरायची आणि दम लागल्यासारखी बंद पडायची. काकांनी पेट्रोलची नळी तीनदा साफ केली. डेपोतला मित्र "एवढुसा?" म्हणायचासुद्धा विसरला. तारीख आठवड्यावर आली तेव्हा मी ते पुस्तक घरी नेलं आणि पहिल्यापासून वाचलं, चित्रांखालच्या बारीक टिपांसकट. या टिपा मी दोन वर्षं गाळत आले होते. कॉलेजात चित्राखालचं कधी परीक्षेला आलं नाही, म्हणून ते वाचायची सवयच नव्हती. पेट्रोलच्या टाकीच्या चित्राखाली लिहिलं होतं: झाकणाचं बारीक छिद्र मोकळं आहे ना ते पाहावं, नाहीतर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. मूळ झाकण कधीच हरवलेलं. काकांनी लेथवाल्याकडून नवं पितळी झाकण करून घेतलं होतं, हवाबंद, दागिन्यासारखं.

मी खाली जाऊन सांगितलं. माझीच चूक, हेही सांगितलं. काका बराच वेळ ते झाकण हातात फिरवत होते. मला वाटलं, आता माझी डिग्री परत मागतात. पण ते एवढंच म्हणाले, "बिचारी. दोन वर्षं नाक दाबून ठेवलं होतं तिचं." आणि ड्रिल आणायला उठले. मी काही दोनदा सांगितलं नव्हतं, तरी उठले.

जागा सोडायच्या दिवशी सगळं सामान आधीच टेम्पोंनी गेलं होतं. गेटबाहेर पाडकामाचं पिवळं यंत्र येऊन थांबलं होतं. मोकळ्या आवारात उरली होती लाल गाडी, आणि तिच्याभोवती अख्खी बिल्डिंग; जायचं सोडून सगळे थांबले होते. काकूंच्या हातात कापडी पिशवी आणि तळमजल्याच्या किल्ल्यांचा जुडगा. मानखुर्दला जायला त्यांच्यासाठी रिक्षा थांबली होती. काकांनी धुवट पांढरा शर्ट घातला होता. ते गाडीत बसले, आरसा नीट केला, चावी फिरवली. तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. बंद पडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि गाडी हलली नाही.

काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, निघा ना आता, यंत्रवाला खोळंबलाय." काका तसेच. डेपोतला मित्र वाकून म्हणाला, "क्लच अडकला काय रे?" मी मनातल्या मनात पानं उलटायला लागले. आता पुस्तकात कुठली टीप राहिली? टाळ्या थांबल्या होत्या. कुणीतरी मागे पुटपुटलं, "वाट लागली." यंत्राचा माणूस सीटवर चढून बसला.

काकूंनी एकदा काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात दिली, गाडीचं ते बुटकं दार उघडलं, "आई गे, माझे गुडघे" म्हणत टप्प्याटप्प्याने खाली बसल्या, पदर सावरला, पिशवी परत मागून मांडीवर घेतली. आणि किल्ल्यांचा जुडगा काचेच्या लोखंडी चौकटीवर वाजवला.

टण् टण्.

काकांनी गिअर टाकला. गाडी निघाली. गेटमधून वळताना त्यांनी मागे तीस फुटी बस असल्यासारखा एवढा मोठा वळसा घेतला की समोरच्या पानवाल्याने टपरीबाहेर काढलेला हात आत ओढला. कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर सवयीने थांबले. तिथल्या एका बाईने वाकून विचारलं, "कुठे जाणार?" तेव्हा पुन्हा टण् टण् ऐकू आलं आणि लाल ठिपका वळणाआड गेला. मागे यंत्र आवारात शिरलं. त्याकडे आम्ही कुणी पाहिलं नाही.

नंतर मी काकांना विचारलं, "तेव्हा थांबला का होतात हो? आमचा जीव गेला असता." ते चकित झाले. "अगं, बेल कुठे दिली होती कुणी?"

आता आमच्या बिल्डिंगच्या जागी मोठा खड्डा आहे, त्यात पाणी साचलंय. काकूंचे गुडघे पार गेले. खाली वाकून गाडीत बसणं त्यांना जमत नाही. "माका आपली रिक्षाच बरी," म्हणतात, आणि खिडकीतून काकांना दोनदा हात करतात. त्यामुळे दुसरी सीट रविवारी माझी असते. काका मानखुर्दहून मुलुंडला येतात, आम्ही टप उघडून त्या खड्ड्यापर्यंत जातो, पत्र्याच्या कुंपणाबाहेर थोडा वेळ उभे राहतो. बसच्या सीटइतकी उंची नसल्याने आतलं काही दिसत नाही. काका तरी बघत राहतात. मग ते मला घरी सोडतात. मी उतरते, दार लावते. गाडी सुरूच असते, पण मी दारावर दोनदा टकटक करेपर्यंत ते हलत नाहीत, समोर बघत शांत बसून राहतात.

हल्ली मी जरा उशिराच वाजवते.