नाचणगावच्या जोत्यातली टिकटिक

"थे मशीन माह्या सुनेपासून दूर न्या आधी!" शांताकाकू एवढ्यानं ओरडल्या, की पुलगावच्या फलाटावरची गाडी दचकून मागं सरली असेल. माझा मित्र सुधीर किरण मोजायचा मीटर घेऊन मागं हटला. मीटर टिकटिकतच होता.

सुधीर इंजिनिअर. किरणोत्सर्गानं बाधलेल्या इमारती पाडणं हा त्याचा धंदा, आणि दुसऱ्याच्या गाडीतून हिंडणं हा माझा. म्हणून पुण्याहून त्याच्यासोबत वर्ध्याजवळच्या पुलगावला आलो. ऊन असं, की कावळे उडता उडता भाजून पडत आणि उठून सावलीला जात. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे (तर्री म्हणजे लाल तवंगाचा झणझणीत रस्सा) खाल्ले. पहिल्याच घासाला माझ्या स्वर्गवासी आजोबांना ठसका लागला.

गावाबाहेरच्या एका बंद दवाखान्यातली, कॅन्सरची किरणोत्सर्गी औषधं ठेवायची खोली पाडायची होती. कधीतरी औषध सांडून कोपऱ्यात मुरलेलं. सगळंच काँक्रीट घातक म्हणून सांभाळायचं तर पिढ्या पहाऱ्यावर बसल्या असत्या. सुधीरच्या माणसांनी भोपळ्याची साल काढावी तसा बाधलेला थर तेवढा खरवडला आणि पिंपात बंद केला. उरलेलं तपासून साफ ठरलं. तो मलमा (राडारोडा) नाचणगावचे कापडदुकानदार वासुदेवभाऊ, म्हणजे शांताकाकूंचे यजमान, घेऊन गेले आणि नव्या खोलीच्या जोत्यात भरला.

मग मलमा कुठला हे गावाला कळलं, आणि भाऊंची पोटुशी सून प्रतिभा त्या घरात राहायला घाबरू लागली. तिची खात्री पटवायला सुधीर मीटर घेऊन आला, आणि तिथंच फसला. मीटर कुठंही टिकटिकतो. मातीत, आभाळात थोडे किरण असतातच. जोत्यावरही तेवढीच टिकटिक होती. ते दाखवायला तो शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेला, तिथं टिकटिक. मारुतीच्या देवळात गेला, तिथंही. झालं, सगळी आळी चालून आली, की भाऊंनी आमच्या घरात आणि देवातसुद्धा विष घुसवलं.

"काकू, हे माणसाच्या हाडामांसातही असतं," सुधीर काकुळतीनं म्हणाला. "माझ्यात आहे, तुमच्यात आहे. सूनबाईंच्या बाळातही आहे."

बोलला ते अगदी खरं होतं. मी जन्मभर थापा मारल्या, पण एकाही थापेनं अशी शांतता पसरवली नव्हती. प्रतिभानं पोटावरून पदर ओढला आणि आत गेली. संध्याकाळी तिचा भाऊ येऊन तिला हिंगणघाटला, माहेरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वासुदेवभाऊंनी जोतं उकरलं. मजूर फावड्याला हात लावेनात, म्हणून भाऊ आणि मीच खणत होतो. मलम्यासोबत खालची गावची मातीही निघाली. गिरडच्या टेकडीला लाज वाटावी असा ढीग दवाखान्याच्या फाटकावर परत जाऊन पडला. नेला होता त्याहून मोठा, आणि आता त्याला कुणी शिवेना. कचरा कमी करायला आलेला सुधीर त्याच्याकडे बघत बसून राहिला.

परतीला भाऊ पुलगाव स्टेशनवर आले. एवढं होऊनही काकूंनी भाकरी-ठेचा बांधून दिला होता. तो डबा गरम लागत होता आणि मला धरवत नव्हता. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी विचारलं, "भाऊ, जोतं तर साफ झालं. आता येईल ना सून?"

भाऊ रुळांकडे बघत होते.

"नाई येत," ते म्हणाले. "सून म्हणते, घरात होतं तवा घर सोडलं. आता माह्या पोटात हाय."